2023 च्या हॉकी विश्वचषकात जर्मनी आणि बेल्जियम अंतिम सामन्यापर्यंत कसे पोहोचले?

एकाच गटात खेळलेले हे दोन संघ पुन्हा थेट अंतिम सामन्यातच समोरासमोर कसे आले, असे आपण विचारले आहे. त्याचे उत्तर तीन गोलांमध्ये आहे.

भुवनेश्वर व राउरकेला येथील त्या स्पर्धेत 16 संघांचे चार गट होते. गटातील पहिला संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत जाई, तर दुसऱ्या व तिसऱ्या संघाला त्याआधी क्रॉसओव्हरचा एक जादा सामना जिंकावा लागे. ‘ब’ गटात बेल्जियमने दक्षिण कोरियाला 5-0 आणि जपानला 7-1 असे हरवले, जर्मनीने जपानला 3-0 आणि कोरियाला 7-2 असे हरवले, आणि या दोघांमधील सामना 2-2 असा बरोबरीत सुटला. गुण दोघांचेही सातच. मात्र बेल्जियमचा गोलफरक (केलेले गोल वजा झालेले गोल) 11 आणि जर्मनीचा 8 असल्याने बेल्जियम पहिला आला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

बेल्जियमने उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडला 2-0 असे नमवले. याच न्यूझीलंडने क्रॉसओव्हरमध्ये भारताला शूटआउटवर (बरोबरीनंतर एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर केलेल्या प्रयत्नांवर) बाहेर काढले होते, त्यामुळे आमच्या घरात त्या दिवशी बेल्जियमचीच बाजू घेतली गेली. उपांत्य सामन्यात नेदरलँड्सशी 2-2 अशी बरोबरी झाल्यावर त्यांनी शूटआउट 3-2 असे जिंकले.

जर्मनीची वाट मात्र लांबची आणि माझ्या मते अधिक कसोटीची होती. फ्रान्सला त्यांनी 5-1 असे सहज हरवले, पण इंग्लंडविरुद्ध अखेरची काही मिनिटे उरेपर्यंत ते 0-2 असे मागे होते. मॅट्स आणि टॉम ग्रामबुश या भावांनी एकेक गोल करून बरोबरी साधली आणि शूटआउट 4-3 असे जर्मनीच्या बाजूने गेले.

27 जानेवारीच्या उपांत्य सामन्यात मध्यंतराला ऑस्ट्रेलिया 2-0 असा पुढे होता. सामन्यात आता काही उरले नाही असे धरून मी घरच्यांबरोबर सोलापुरातल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला निघालो, आणि शेवटची मिनिटे होम मैदानावरच्या गर्दीत मोबाइलवर पाहण्याची वेळ आली. जर्मनीच्या गोन्झालो पेलाटने पेनल्टी कॉर्नरवर तीन गोल केले, त्यातला तिसरा 59व्या मिनिटाला, आणि अगदी शेवटच्या क्षणी निकलास वेलेनने 4-3 केले. गंमत अशी, की 2016 च्या रिओ ऑलिंपिकमधील उपांत्य सामन्यात हाच पेलाट अर्जेंटिनाकडून खेळत होता आणि तेव्हा त्याने जर्मनीवरच तीन गोल केले होते.

29 तारखेच्या अंतिम सामन्यातही जर्मनी आधी 0-2 असा मागे पडला. सामना 3-3 वर संपला आणि शूटआउट त्यांनी 5-4 असे जिंकले.