गिअरबॉक्स उतरवण्याआधी टॅपेट कव्हर बघा

प्रश्न : माझी २०१२ची वॅगन आर आहे, एक लिटर पेट्रोल. पावसाळ्यापासून पार्किंगच्या फरशीवर काळपट थेंब पडतात. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला माहेरी जाणं-येणं असतं. घाट चढून गाडी उभी केली की जळक्या तेलाचा वास येतो. गॅरेजवाल्यांना गाडी वर घेतल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइल दिसलं. मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असं ते म्हणतात. खर्च मोठा आहे. करून टाकू का?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : ताई, लगेच होकार देऊ नका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती वासाची ओळ. मागचं सील म्हणजे इंजिनच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल अडवणारी रिंग. तिथलं ऑइल बहुतेक वेळा सरळ खाली ठिबकतं. जळका वास यायला ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडायला हवं, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, वरच्या अंगाला असतं टॅपेट कव्हर, इंजिनचं वरचं झाकण. त्याचं रबरी पॅकिंग इतक्या वर्षांच्या उष्णतेने कडक होतं आणि कडेने ऑइल सुटतं. ते इंजिनच्या अंगावरून उतरतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं आणि नेमकं गिअरबॉक्सच्या जोडावर साठतं. कौलारू घरात पाणी ठिबकतं एका जागी आणि फुटकं कौल निघतं भलतीकडे, तसंच हे. मागचं सील गेलेलं असूही शकतं. पण आधी वरचं बघायचं.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, आजच बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पट्टी पुसून पुन्हा घाला आणि मग वाचा. ऑइल खालच्या खुणेशी आलं असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं थोडं थोडं घाला, वरच्या खुणेपुढे नको. घाटात डॅशबोर्डवर लाल ऑइलचा दिवा लागला तर तिथेच कडेला थांबून इंजिन बंद करा. तो दिवा ऑइलचं प्रेशर सांगतो, पातळी नाही. तो लागेपर्यंत ऑइल बरंच कमी झालेलं असू शकतं.

आता शोध. कोल्हापुरात उद्यमनगरला आमच्या गॅरेजात गळतीची गाडी आली की आम्ही आधी इंजिन धुतो. तेलकट, धुळीने माखलेल्या इंजिनवर काहीच कळत नाही. थंड इंजिनवर डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) आणि ब्रश मारायचा, फडक्याने कोरडं करायचं. प्रेशरचं पाणी मात्र नको. तुमच्या इंजिनला स्पार्क प्लगच्या डोक्यावरच ठिणगीसाठी वीज देणारे कॉइल आहेत आणि अल्टरनेटरही जवळ, तिथे पाणी गेलं की दुसरंच दुखणं सुरू होतं. कोरड्या इंजिनवर टॅपेट कव्हरच्या खालच्या कडेला, ऑइल फिल्टरभोवती आणि गिअरबॉक्सच्या जोडावर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवा, जमलं तर चढाची. मग टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची काळसर रेघ उमटते. ती बोटाने वर वर शोधत जा. जिथे सगळ्यात वरचा ओला ठिपका सापडेल, गळती तिथली. हे बघताना मेकॅनिकच्या शेजारी उभ्या राहा, तो तुमचा हक्क आहे.

ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टही (जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट) तपासा. सर्व्हिसिंगला फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि त्यावर नवा बसवला, तर ऑइल गळतं.

गळती टॅपेट कव्हरचीच निघाली तर काम छोटं आहे. कॉइल काढून प्लगच्या खड्ड्यांत डोकावा. तिथे ऑइल असेल तर प्लगभोवतीची सीलंही बदला, नाहीतर गाडी मिस मारू लागते, म्हणजे झटके देत चालते. जुनं पॅकिंग निघाल्यावर कव्हरची खाच आणि ते ज्यावर बसतं त्या हेडची कड लख्ख पुसली पाहिजे. आमच्याकडे नवीन पोरगा आला की मी त्याला आधी हेच शिकवतो. सिलिकॉन सगळीकडे थापायचं नाही. रबरी पॅकिंगला ते लागत नाही आणि जास्तीचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात. फक्त टायमिंग चेनचं कव्हर आणि हेडचा सांधा जिथे येतो तिथे एकेक ठिपका. बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून, हलक्या हाताने. ‘अजून थोडं आवळू’ म्हणून जोर लावला की पॅकिंग चेपतं, कधी आटेच जातात.

सोबत पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतली कोंडलेली हवा बाहेर सोडणारी झडप, काढून हलवून बघायला सांगा. आतून खुळखुळ वाजला पाहिजे. तो चोक झाला असेल तर इंजिनच्या आतली हवा कोंडते आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकलते. तो तसाच ठेवून पॅकिंग बदललं, तर गळती परत येते.

गळती थांबवणारी म्हणून बाटलीतली औषधं मिळतात, ती घालू नका. जुनं रबर फुगवून ती काही दिवस वेळ मारून नेतात, कडक होऊन चिरलेलं पॅकिंग त्याने सुधारत नाही. पॅकिंग काही शे रुपयांचं असतं, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी हजारांत जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा.

आणि वरचं सगळं कोरडं, फक्त गिअरबॉक्सच्या जोडातून खालीच थेंब येतोय असं दिसलं, तर तुमचे गॅरेजवाले बरोबर आहेत. मग गिअरबॉक्स उतरवू द्या. तो उतरलेला असतानाच क्लच प्लेट बघून घ्या. झिजली असेल किंवा तिच्यावर ऑइल गेलं असेल तर तेव्हाच बदला, म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागणार नाही.