आईला 30 पैकी 19 मिळाले, म्हणजे डिमेन्शिया झालाय का?

प्रश्न : आईचं वय 74, शाळा चौथीपर्यंत. मागच्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर होतं तिथे तिची स्मरणशक्तीची टेस्ट घेतली, 30 पैकी 19 आले आणि तिथल्या मुलाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आजींना डिमेन्शिया असू शकतो. तारीख विचारली तर आई म्हणाली, आज एकादशी, साबुदाणा भिजत घालून आलेय. तो मार्क गेला. 100 मधून 7 वजा करत जा म्हटलं तिथेही अडकली. घरी मात्र दूधवाल्याचा हिशोब तीच ठेवते, एक खाडा चुकत नाही. त्या दिवसापासून गप्प गप्प असते. काय करू? (पुणे)

उत्तर : आधी आईंना सांगा की त्या नापास वगैरे झालेल्या नाहीत. ही नुसती चाळणी असते, निदान नाही, आणि सगळ्यांसमोर असं बोलायला तर कोणालाच नको होतं. (खरंच एकादशी होती ना? मग दिवसांच्या हिशोबात त्या माझ्यापेक्षा पक्क्या आहेत.)

वर्णनावरून ही 1975 साली अमेरिकेत बनलेली टेस्ट वाटतेय. ती मुळात हॉस्पिटलातल्या पेशंटसाठी होती, त्यात वाक्य लिहायचं, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे, आणि साधारण 24 च्या खाली गेलं की शंका घ्यायची. आता चौथीनंतर ज्यांनी पेन्सिल फारशी हातात धरली नाही त्यांचे पंचकोन वाकडे आले तर तो मेंदूचा दोष कसा? म्हणूनच हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्यांनी 1995 मध्ये हिंदीतली वेगळी टेस्ट आणली, तिथे वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा म्हणतात आणि 'डोळे मिटा' हे वाचून करण्याऐवजी समोरचा करतो तसं करून दाखवायचं असतं.

तुम्ही असं करा, आईंना न्यूरॉलॉजिस्टकडे नाहीतर म्हातारपणाच्या आजारांच्या डॉक्टरकडे न्या, टेस्ट मराठीतून, शांत खोलीत आणि शिक्षण विचारात घेऊन करा म्हणून सांगा. चष्मा न्या, कानाचं मशीन असेल तर ते घालूनच जा, कारण तीन शब्द लक्षात ठेवा म्हटलं आणि ते नीट ऐकूच आले नाहीत तर आठवणार काय कप्पाळ! बी-12, थायरॉइड तपासा, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, मन उदास असतं का तेही. आणि वर्षभरात काय बदललं ते त्यांच्यासमोर नको, डॉक्टरांना वेगळं सांगा. दूधवाल्याचा हिशोब पक्का आहे हे तर आवर्जून सांगा. हां, दोन-चार दिवसांत एकदम गोंधळ उडाला, भलतंसलतं बोलायला लागल्या, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लघवीच्या इन्फेक्शननेही तसं होतं, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : बाबा रिटायर्ड हेडमास्तर, 71. त्याच टेस्टमध्ये 28. डॉक्टर म्हणाले एकदम ओके. पण दोनदा रस्ता चुकले, तोही रोजच्या भाजी मंडईतून घरी येताना, आणि लाइटबिल एकाच महिन्यात दोन वेळा भरलं. (नाशिक)

उत्तर : वरच्या आजींचं बरोब्बर उलटं. आयुष्यभर फळ्यावर गणितं सोडवलेल्या माणसाला 100 मधून 7 म्हणजे डाव्या हाताचा मळ, त्यामुळे सुरुवातीची पडझड त्या 28 मागे आरामात लपते. मला 28 पेक्षा मंडईची जास्त काळजी वाटते.

मॉन्ट्रियलला बनलेली मोका नावाची जरा अवघड टेस्ट आहे, ती करायला सांगा. तिच्यात शिक्षण 12 वर्षं किंवा कमी असेल तर एक मार्क वाढवून देतात, म्हणजे चौथीवाल्यांना आणि बारावीवाल्यांना सारखाच एक, हे मला कधी पटलं नाही, पण बाबांच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. तीही चांगली आली तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या कामाची, म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष वगैरेची चाचणी घेणारे मानसतज्ज्ञ) सविस्तर तपासणी करून घ्या, दोनेक तास लागू शकतात, डबा घेऊन जा. जाताना एका वहीत तारीख टाकून लिहून न्या, कधी रस्ता चुकले, कुठे, परत कसे आले. दोनदा भरलेल्या बिलाच्या पावत्या पण ठेवा बरोबर.