एचआयव्ही असलेल्या भावाला क्रिप्टोकोकल मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचं बुरशीचं इन्फेक्शन) झालाय, मग डॉक्टर एआरटी (एचआयव्हीची औषधं) लगेच का सुरू करत नाहीयेत?

मुद्दाम थांबलेत आणि बरोबरच करतायत. ही बुरशी मेंदूपर्यंत गेली असेल तर आधी साधारण 4 ते 6 आठवडे बुरशीचं औषध देतात आणि मगच एआरटी, कारण प्रतिकारशक्ती एकदम परत आली की ती मेंदूतल्या बुरशीवर तुटून पडते, सूज वाढते आणि पेशंट हातचा जाऊ शकतो. मी ठाण्यात मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, पाठीतल्या पाण्याचे असे सॅम्पल बघते. इंडिया इंक म्हणजे काळी शाई टाकली की काळ्यावर बुरशीच्या गोल पेशी आणि प्रत्येकीभोवती पांढरं कडं दिसतं, सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) 100च्या खाली असलेल्या पेशंटमध्ये त्या खच्चून भरलेल्या असतात आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी मात्र अगदी थोड्या, म्हणजे लढायला कोणी नाहीच. म्हणूनच बऱ्याचदा मान आखडत नाही, ताप बारीक, नुसतं डोकं दुखतंय म्हणत आठवडे जातात आणि घरचे मेडिकलमधून गोळ्या आणत राहतात, फार वाईट वाटतं हो. पाठीतून परत परत पाणी काढतील, त्याला नाही म्हणू नका, डोक्यातलं प्रेशर त्यानेच उतरतं. फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध मात्र बरं वाटलं तरी स्वतःहून बंद नाही करायचं, निदान वर्षभर तरी चालतं. आणि हे थांबणं मेंदूच्या इन्फेक्शनपुरतंच आहे, नुसती तोंडात पांढरी बुरशी असेल तर एआरटी लांबवत नाहीत.