पोस्टमन पुरेल, पोस्ट ऑफिस नको

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा, अनेक आशीर्वाद.

ओळखीतल्या घरांमधल्या कॉम्प्युटरवर तू लिनक्स टाकून देतोयस, हे ऐकून बरं वाटलं. मेल सर्व्हर कोणता ठेवू, एक्झिम की पोस्टफिक्स, असं विचारलंस. माझा ओढा पोस्टफिक्सकडे. पण सदाशिव पेठेतल्या काकूंच्या मशीनवर दोन्ही नकोत. मेल सर्व्हर एकमेकांना पत्रं देतात ते २५ नंबरचं पोर्ट घरच्या ब्रॉडबँडवर बहुधा बंदच असतं, आणि उघडं असलं तरी बदलत्या आयपीवरून (नेटवरच्या पत्त्यावरून) आलेली मेल समोरचे सर्व्हर दारातूनच परत पाठवतात. शिवाय २०१९ मध्ये एक्झिमच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत असं भगदाड निघालं, की रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने कमांड चालवता यायच्या. काकू अपडेट करणार आहेत का?

मग काहीच नको? फेडोरा या लिनक्सने २०१३ साली, विसाव्या आवृत्तीत, सेंडमेल हा जुना मेल सर्व्हर आपोआप टाकणं बंद केलं. मला ते अर्धंच पटलं. माझ्याच घरी फोटोंची डिस्क खराब होत होती आणि डिस्कवर नजर ठेवणारा स्मार्टडी बिचारा रूटच्या नावाने पत्रं टाकत होता. डिस्क बसल्यावर रूटची पेटी उघडली, तर सात-आठ इशारे तसेच पडलेले. लेकीच्या लग्नाचे फोटो गेले ते गेलेच. (बॅकअपबद्दल विचारू नकोस.)

म्हणून पत्र पुढे नेऊन देणारा नुसता पोस्टमन ठेव. मी डीएमए, म्हणजे ड्रॅगनफ्लाय मेल एजंट वापरतो. लिनक्ससारख्याच फ्रीबीएसडी सिस्टिमनेही २०२३ मध्ये, १४.० आवृत्तीत, सेंडमेलऐवजी तोच डिफॉल्ट केला. तो कुठल्याही पोर्टवर कान लावून बसत नाही. मेल कंपनीच्या सर्व्हरला ५८७ नंबरच्या पोर्टवर लॉगिन करून पत्र सोपवतो. एमएसएमटीपी हा दुसरा पोस्टमन त्याहून साधा, पण नेट नसेल तर स्वतःहून पत्र राखून ठेवत नाही. आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली की राउटर आधी झोपतो.

पासवर्ड मात्र काकूंचा नेहमीचा देऊ नकोस, याच कामापुरता वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढ. कारण इथला पासवर्ड फाइलमध्ये उघडा पडलेला असतो. अ‍ॅलिअसच्या फाइलमध्ये रूटपुढे त्यांचा रोजच्या वापरातला पत्ता लिही, म्हणजे रूटची पत्रं तिकडे जातील. मग रूटला एक पत्र पाठव, आणि काकूंच्या फोनवर ते येईपर्यंत खुर्चीवरून उठू नकोस. चहा आलाच असेल तोवर.

तुझा,
काका