रत्नागिरीतल्या छापखान्याच्या जुन्या संगणकात स्कझी (SCSI, एकाच केबलच्या साखळीवर अनेक उपकरणं जोडायची जुनी पद्धत) डिस्क आत, स्कॅनर बाहेर. दोन्ही दिसत नाहीत. आयडी आणि टर्मिनेटर कसे लावू?

दोघांना वेगवेगळे आयडी (ओळख क्रमांक) द्या आणि टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल शोषून घेणारा टर्मिनेटर, फक्त साखळीच्या दोन टोकांना ठेवा. आठ-बिट स्कझीत 0 ते 7 एवढेच आयडी. 7 बहुधा कंट्रोलर कार्डाचा, कारण त्याचा अग्रक्रम सगळ्यात वरचा. डिस्कला 0, स्कॅनरला 5 चालेल. आयडीचा केबलवरच्या जागेशी काही संबंध नाही, इथेच बरेच जण फसतात. तुमच्याकडे डिस्क आत आणि स्कॅनर बाहेर, त्यामुळे कार्ड मधे येतं, म्हणून त्याचं टर्मिनेशन बंद, डिस्कचं आणि स्कॅनरचं चालू. नाहीतर टोकावरून सिग्नल उलटा फिरतो. मात्र डिस्क एलव्हीडी (कमी व्होल्टेजवर चालणारा नंतरचा स्कझी प्रकार) असेल तर तिच्यावर सहसा टर्मिनेटर नसतोच, तो केबलच्या टोकाला वेगळा लावावा लागतो. आणि हो, खाऱ्या हवेने जंपरच्या (आयडी ठरवणाऱ्या छोट्या टोप्यांच्या) पिना गंजल्यात का तेही बघा.