नदीपात्रातील यांत्रिक वाळूउपसा ग्रामस्थ कसा रोखू शकतात?

ग्रामस्थांनी प्रथम तहसीलदारांकडे ठिकाण व वेळ नोंदवून लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच न विसरता घ्यावी, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार बेकायदा उपशाबद्दल दंड करण्याचा व यंत्रे, वाहने जप्त करण्याचा अधिकार महसूल खात्याला आहे. वाळूघाटाचा, म्हणजे वाळू काढण्यासाठी ठरवलेल्या नदीपट्ट्याचा, लिलाव झाला असला, तरी पर्यावरण मंजुरीची प्रत मागावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रांनाही ती आवश्यक ठरवली आहे. दाद न मिळाल्यास पुण्यातील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येते. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो. तो गेला की काठच्या विहिरी आटतात, म्हणून कारवाईतला विलंब मला फार घातक वाटतो.