बोटीवर सोलर बसवायला एफडी मोडू का?

दादा, तुमचा मेल दोनदा वाचला आणि कोटेशनचा फोटो झूम करून तीनदा. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. आठ मीटरची, वीस सीटची बोट आहे, तलावात पर्यटकांना फिरवता, वर्षातले साधारण २०० दिवस धंदा चालतो. डिझेल इंजिन बारा वर्षांचं, आता ओव्हरहॉलला आलंय. एक विक्रेता म्हणतोय इंजिन काढूनच टाका, छतावर पॅनल, खाली लिथियम बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर, साडेतीन वर्षात पैसे वसूल, पुढे सगळं फुकट. त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेली एफडी मोडायची आणि उरलेल्याचं पाच वर्षांचं कर्ज काढायचं. तीन वर्षांनी मुलीची कॉलेजची फी आहे. घेऊ का?

आत्ता नका घेऊ. या पद्धतीने तर नकोच. सोलर बोट ही चांगलीच गोष्ट आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही, ज्या पैशाने ती घ्यायची त्या पैशाशी आहे.

आधी तांत्रिक बाजू बघू, मी काही इंजिनिअर नाही पण कर्जाचा सल्ला द्यायचा तर वस्तू काय आहे ते समजून घ्यावंच लागतं. तुमच्या बोटीच्या छतावर पॅनल बसतील अशी जागा फारतर १२ चौरस मीटर. चांगलं पॅनल भर उन्हात एका चौरस मीटरला २०० वॉटच्या आसपास देतं, म्हणजे सगळं छत भरलं तरी २.४ किलोवॉट. पूर्ण ताकदीचं ऊन दिवसाला साडेचार तास धरा, आणि सपाट ठेवलेलं पॅनल, तापलेलं पॅनल, धूळ, वायरिंग यात चौथा हिस्सा जातो तो वजा करा. हातात येतात रोजचे ८ युनिट. मोटरपाशी पोचेपर्यंत त्यातलेही थोडे गळतात. आता डिझेलशी तुलना करा. एक लिटर डिझेलमध्ये १० युनिट ऊर्जा असते पण छोटं इंजिन त्यातली तीनेकच पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचवतं, बाकी गरम पाणी आणि धूर. म्हणजे तुमचं अख्खं छत दिवसभरात जेमतेम अडीच-तीन लिटर डिझेल वाचवणार. हे वाक्य विक्रेता कधीच बोलणार नाही, कारण कोटेशनमध्ये चकचकीत दिसतात ती पॅनल, आणि सगळ्यात कमी काम करणारीही तीच.

मग खरी बचत कुठून येते? एक म्हणजे मोटर, ती आलेल्या विजेतला बहुतेक भाग कामाला लावते. दुसरा म्हणजे वेग, आणि याला तर पैसेच लागत नाहीत. पाण्यात वेग वाढवला की लागणारी ताकद साधारण घनाच्या हिशोबाने वाढते. तुमच्यासारख्या बोटीला ४ नॉटला, म्हणजे ताशी साधारण साडेसात किलोमीटरला, ३ किलोवॉट लागत असतील तर ६ नॉटला दहाच्या आसपास लागतील. वेग दीडपट, खर्च तिपटीहून जास्त. पर्यटक काय ऑफिसला चाललेत का, त्यांना फोटो काढायचेत! उद्यापासून ड्रायव्हरला सांगा आरपीएम कमी ठेव, आणि महिनाअखेरीस डिझेलचं बिल बघा. एक पैसा न गुंतवता होणारी बचत आधी खिशात घाला, कारण ती घातली की सोलरने 'वाचणारं' डिझेल आपोआप कमी होतं आणि विक्रेत्याचा साडेतीन वर्षाचा हिशोब तिथेच लांबतो.

आता पैसे. तुमचे खरे आकडे इथे टाकत नाही, वर्षाचं डिझेल म्हणजे १०० धरू. कोटेशन ३५०. विक्रेत्याने ३५० ला १०० ने भागलं, झालं साडेतीन. पण १०० च्या १०० वाचत नाहीत ना. रविवारी बारा फेऱ्या मारता, अर्ध्या तासाची एक, हळू चालवली तरी १८ युनिट लागतात, त्यातले ८ छताचे, बाकीचे रात्री धक्क्यावर प्लग लावून घ्यायचे, त्या विजेचं बिल येणार. ढगाळ दिवशी तर छताचे आठही नाहीत. इन्शुरन्सची रक्कम बदलेल. ऑइल, फिल्टर, बेल्ट वाचतील ते जमेला धरा. सगळं करून वर्षाला ७५ वाचतात असं मी धरतो, आणि हे मी सढळ हातानेच धरलंय.

एफडीतून १०० आणि कर्ज २५०. व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षं, तर वर्षाचा हप्ता होतो ६४ च्या आसपास. वाचले ७५, गेले ६४, हातात ११. बरं दिसतं ना? आता एक सीझन वाईट काढा, पाणी आटलं, पाऊस लांबला, रस्त्याचं काम निघालं, काहीही. फेऱ्या २० टक्के कमी झाल्या तर बचत येते ६० वर. हप्ता ६४ च. म्हणजे ज्या वर्षी गल्ला कमी त्याच वर्षी वरून पैसे घालायचे, आणि घालायला एफडी नाही कारण ती तर पहिल्याच दिवशी छतावर चढली.

डिझेल महाग आहे, घाण आहे, सगळं मान्य, पण त्याचा एक गुण कुणी बोलत नाही, बोट धक्क्याला बांधली की त्याचा खर्च थांबतो. हप्ता थांबत नाही. सोलर घेणं म्हणजे पुढच्या कितीतरी वर्षांचं डिझेल आजच एकरकमी भरून ठेवणं, तेही उधारीवर. बोट वर्षभर रोज ठरलेल्या फेऱ्या मारत असेल तर ते झकास परवडतं. केरळची 'आदित्य' फेरी बघा, २०१७ पासून वैकोम ते तवणक्कडवू चालते, ७५ सीट, छतावर २० किलोवॉट पॅनल. छोटा ठरलेला मार्ग, बेताचा वेग, रोजचे प्रवासी. तिथे बॅटरीचा पैसा रोज वसूल होतो. तुमची बोट १६५ दिवस बांधलेली असते आणि तेवढे दिवस तुमचं छत ऊन खात बसणार, बॅटरी भरली की पुढची वीज वायाच.

तुम्ही मेलमध्ये त्या जगप्रदक्षिणेच्या व्हिडिओची लिंक टाकलीये. प्लॅनेटसोलर, मस्त सोलर बोट, २०१० च्या सप्टेंबरात मोनॅकोहून निघाली आणि २०१२ च्या मेमध्ये परत आली, ५८४ दिवस. पण ती ३१ मीटर लांब होती आणि तिच्यावर ५३७ चौरस मीटर पॅनल होती, बॅटऱ्याच काही टनांच्या, आणि एवढं करून वेग पाच नॉटच्या आसपास. तुमच्याकडे १२ चौरस मीटर आहेत.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण कोटेशनमधला सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. तुम्हाला १५ युनिटची लिथियम फॉस्फेट दिलीये, प्रकार बरोबर निवडलाय, ८० टक्के वापरली तर १२ युनिट मिळतात, वजन सव्वाशे-दीडशे किलो, म्हणजे दोन माणसं. तुम्ही विचारलंत की त्याऐवजी लेड अॅसिड घेतली तर स्वस्त पडेल का. अजिबात नको. ती अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून तेवढेच १२ युनिट मिळवायला दुप्पट क्षमतेच्या बॅटऱ्या लागतात, वजन सहा-सातशे किलोवर जातं, वीस सीटच्या बोटीत आठ-दहा माणसं कायमची बिनतिकीट बसवल्यासारखं. वर काहीशे सायकलमध्ये, म्हणजे काहीशे वेळा भरून उतरवली की, दम तोडते. लिथियमवर 'तीन हजार सायकल' लिहिलंय ते ठीक आहे, पण वर्षाला २०० दिवस म्हणजे तीन हजार संपायला १५ वर्षं लागतील, आणि बॅटरी त्याआधी नुसत्या वयानेच म्हातारी होईल. म्हणजे कधीच न वापरायच्या सायकलींचे पैसेही तुम्ही मोजताय. वॉरंटीच्या पानावर वर्षं किती आणि सायकल किती हे दोन्ही लेखी घ्या, आणि 'यातलं जे आधी होईल ते' हे शब्द शोधा. असतातच.

एक ऐकीव नाही, बघितलेली गोष्ट. माझ्या एका क्लायंटने छोट्या बोटीच्या डेकवर ती पातळ वाकणारी पॅनल चिकटवून घेतली, हलकी असतात म्हणून. दुसऱ्या सीझनला पापडासारखे फुगे आले. विक्रेता म्हणाला तुम्ही त्यावर चालला असणार, वॉरंटी गेली. त्याच्याच बोटीवर आम्ही दुपारी बारा वाजता कंट्रोलरचा, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या डब्याचा, आकडा बघत बसलो होतो, साडेआठशे वॉट दाखवत होता, एकदम पाचशेच्या आत आला. ढग नाही काही नाही. वर बघतो तर पोराने ओला टॉवेल एका पॅनलच्या कोपऱ्यावर वाळत टाकलेला. ओळीत जोडलेल्या पॅनलचं असंच असतं, थोड्या सावलीने बरंच जातं. तुमच्या छतावर झेंड्याची काठी, लाइफ जॅकेटचा रॅक आणि स्पीकर आहे, फोटोत दिसतोय. छतावर बसवायचीच तर काचेची, फ्रेमची, खालून वारा खेळेल अशी.

मग करायचं काय. एफडीला हात नाही, हे पहिलं. ती सहा महिन्यांच्या घरखर्चाची आहे आणि तुमचं उत्पन्न सीझनचं, तुम्हाला तर ती नोकरदारापेक्षा जास्त लागते. इंजिनचं ओव्हरहॉल करून घ्या, तुम्ही दिलेल्या आकड्यावरून ते, वर्षाचं डिझेल १०० धरलं तर, ३० च्या आत बसतंय आणि चार-पाच वर्षं मिळतात, तोवर मुलीच्या फीचा मोठा भाग मागे पडलेला असेल. छतावर हवंच असेल तर एक-दोन पॅनल आणि छोटी बॅटरी, दिवे, स्पीकर, बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साठलेलं पाणी उपसणारा) त्यावर टाका, निदान संध्याकाळी धक्क्यावर नुसत्या दिव्यांसाठी इंजिन चालू ठेवता ते बंद होईल.

आणि पुढे जेव्हा मोटर घ्याल तेव्हा पॅनल बोटीवरच असली पाहिजेत असं कुठे लिहिलंय? तुमची धक्क्यावर तिकिटाची शेड आहे, स्वतःच्या जागेत. पॅनल तिथे टाका. सावली नाही, धक्के नाहीत, कोन नीट देता येतो, पुसायला सोपं, आणि बोट बंद असेल तेव्हा ती वीज शेडला, घराला, जमत असेल तर ग्रिडला देऊन बिलात वळती करता येते. तेच पॅनल २०० ऐवजी ३६५ दिवस कमावतं. बोटीवर फक्त मोटर आणि बॅटरी. डिझेल इंजिन काढायचं की हायब्रिड म्हणून ठेवायचं ते तेव्हा ठरवू, रविवारच्या गर्दीसाठी ठेवलं तर बॅटरी लहान घेता येते आणि कोटेशनचा सगळ्यात मोठा आकडा तिथेच कापला जातो. मात्र इंजिन बदलण्याआधी बोटीचं रजिस्ट्रेशन आणि सर्व्हे करणाऱ्या ऑफिसात विचारा, वजन आणि समतोल बदलतो, परवानगीशिवाय केलं आणि काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करेल.

विक्रेत्याला नाही म्हणू नका, फक्त सांगा की पॅनल, बॅटरी, मोटर आणि फिटिंग यांचे चार वेगळे आकडे द्या. 'ऑफर महिनाअखेरपर्यंतच' म्हणाला तर म्हणू दे. आणि एक वही करा, बोटीतच ठेवा, रोज चार गोष्टी लिहा: फेऱ्या किती, इंजिन किती तास, डिझेल किती लिटर, ऊन की ढग. लिटरला अडीच ते तीनने गुणलं की बोटीला खरंच किती युनिट लागतात ते कळतं, बॅटरी त्यावरून ठरवायची, विक्रेत्याच्या ब्रोशरवरून नाही. सीझन संपला की वहीच्या पानांचे फोटो पाठवा, रविवारची पानं आधी.